दिनमानाची लाट आणि तिचे समीकरण



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून काही मंडळी दारातूनच परत वळली असतील, तर मी त्यांना दोष देणार नाही. ‘आलेखावरून त्रिकोणमितीय फलनाचे समीकरण’ असे शब्द ऐकले की पुष्कळांना शाळेतली छडी आठवते. मला ती आठवत नाही, कारण त्रिकोणमितीपर्यंत पोहोचण्याआधीच माझी शाळा सुटली. हे गणित मी पुढे, कारखान्यात रात्रपाळी करीत असताना, जुन्या पुस्तकांवरून शिकलो. संघटनेच्या कामात कोणी समोर आलेख ठेवला की तो वाचता आला पाहिजे, एवढीच तेव्हा गरज होती. म्हणून मी आज पंडितांसारखे बोलणार नाही. ज्याला बेरीज, वजाबाकी आणि निम्मे करणे येते, त्याला समजेल अशाच रीतीने हा विषय मांडण्याचा प्रयत्न करीन.

आपल्या भागातला एक प्रश्न घेऊन सुरुवात करू. सालगडी पाडव्याला कामावर लागतो आणि पुढच्या पाडव्याला त्याचे साल भरते. समजा, काही कारणाने त्याने दसऱ्याला काम सोडले. हिशेबाला बसल्यावर सगळेच म्हणतात, अर्धे साल झाले, अर्धा मोबदला घे. वरवर पाहता हा न्याय चोख दिसतो. परंतु ज्याचे काम उगवतीपासून मावळतीपर्यंत चालते, त्याचे पाडवा ते दसरा हे अर्धे साल आणि दसरा ते पाडवा हे अर्धे साल सारखे असते काय? उन्हाळ्यात दिवस मोठा आणि हिवाळ्यात लहान, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. मात्र किती मोठा, किती लहान आणि सहा महिन्यांत मिळून किती तासांचा फरक पडतो, हे कोणी सांगत नाही. ते सांगणारे साधन म्हणजेच आजचा विषय.

आपल्या घरोघरी पंचांग असते. त्यात तिथी, वार, नक्षत्र यांच्या शेजारी ‘दिनमान’ नावाचा एक रकाना असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा काळ त्यात दिलेला असतो. तो ज्या गावासाठी गणलेला असेल त्याप्रमाणे काही मिनिटे इकडेतिकडे होतात. जाफराबाद वीस अंश अक्षांशाच्या थोडे उत्तरेस आहे. येथे सूर्याची वरची कड दिसल्यापासून ती मावळेपर्यंतचा काळ धरला, तर २१ जूनच्या सुमारास दिवस १३ तास २१ मिनिटांचा होतो आणि २१ डिसेंबरच्या सुमारास १० तास ५४ मिनिटांचा. मार्च आणि सप्टेंबरात, विषुवदिनाच्या आसपास, तो १२ तास ७ मिनिटांच्या जवळ असतो.

आता चौकटीच्या कागदावर आडव्या रेषेवर वर्षाचे दिवस मांडा आणि उभ्या रेषेवर दिवसाची लांबी. दर आठवड्याला एक ठिपका द्या. बावन्न ठिपके जोडले की कागदावर एक लाट उभी राहते. मार्चात ती मध्यावर असते, जूनमध्ये शिखरावर जाते, सप्टेंबरात पुन्हा मध्यावर येते, डिसेंबरात तळाला टेकते आणि मार्चात मूळ जागी परतते. पुढच्या वर्षी तीच लाट, त्याच्या पुढच्या वर्षी तीच. हा झाला आलेख. या सबंध लाटेला एका ओळीत पकडावयाचे, की ज्यामुळे बावन्न ठिपके जवळ न बाळगता कोणत्याही दिवसाचे दिनमान सांगता येईल. त्या ओळीला समीकरण म्हणावयाचे.

अशी लाट कोठून जन्मते, ते पाहण्यासाठी बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. वंगण घालण्यासाठी गाडी टेकू देऊन उचलली आहे आणि चाक जागच्या जागी फिरते आहे. धावेवर चुन्याचा एक ठिपका दिला आहे. चाक सारख्या गतीने फिरू लागले की ठिपका आसाच्या वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. क्षणाक्षणाला त्याची जमिनीपासूनची उंची कागदावर टिपत गेलात, तर हुबेहूब आपली लाट उमटेल. चाकाची त्रिज्या एक धरली, तर ठिपका आसाच्या पातळीपासून किती वर वा खाली आहे, त्या मापाला ‘ज्या’ म्हणतात. चाक आडव्या पातळीपासून ३० अंश फिरले की ज्या अर्धा; ९० अंशांना पूर्ण एक; १८० अंशांना शून्य; २७० अंशांना उणे एक; आणि ३६० अंशांना फिरून शून्य.

आजची मुले यालाच साइन म्हणतात, आणि तो परका शब्द म्हणून त्याला भितात. वास्तविक तो आपल्याच घरचा मुलगा आहे, परदेशी जाऊन नाव बदलून आलेला. आर्यभटाने ४९९ साली आपल्या ग्रंथात ज्यांचे कोष्टक दिले. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच जीवा असेही म्हणत. हा शब्द अरबीत गेला तेव्हा ‘जीबा’ झाला. तिथल्या लिपीत स्वर लिहिण्याची चाल नसल्याने पुढे तो ‘जैब’, म्हणजे वस्त्राचा कप्पा किंवा खोळ, असा वाचला गेला. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणारांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ हा शब्द वापरला, आणि त्याचा साइन झाला.

आता मूळ कामाला लागू. समोर लाट आहे आणि तिचे समीकरण काढावयाचे आहे. त्यासाठी लाटेला चार प्रश्न विचारावयाचे असतात. चारांची उत्तरे मिळाली की समीकरण हातात आले. हे चारही प्रश्न चाकावरच दाखविता येतात.

पहिला प्रश्न : चाकाचा आस किती उंचीवर आहे? म्हणजे लाटेची मध्यरेषा कोठे आहे? याचे उत्तर शिखर आणि तळ यांच्या बेरजेचे निम्मे. सोयीसाठी सारे मिनिटांत घेऊ. १३ तास २१ मिनिटे म्हणजे ८०१ मिनिटे. १० तास ५४ मिनिटे म्हणजे ६५४. बेरीज १४५५, तिचे निम्मे ७२७.५. ही आपली मध्यरेषा, १२ तास साडेसात मिनिटांची. कोणी विचारील, दिवसरात्र समान असता मध्य नेमका बारा तासांचा का नाही? वातावरणामुळे सूर्याचा प्रकाश वाकतो आणि तो क्षितिजाखाली असतानाच आपल्याला दिसू लागतो. शिवाय आपण सूर्याचा मध्य न धरता वरची कड धरली आहे. या दोहोंमुळे दिवसाच्या पदरात सात-साडेसात मिनिटे अधिक पडतात.

दुसरा प्रश्न : चाकाची त्रिज्या किती? म्हणजे लाट मध्यापासून किती वर आणि किती खाली जाते? पुस्तकांत याला आयाम म्हणतात. शिखरातून तळ वजा करा आणि निम्मे करा. ८०१ वजा ६५४, म्हणजे १४७; निम्मे ७३.५. हे निम्मे करणे विसरू नये. शिखरापासून तळापर्यंतचे अंतर हा चाकाचा व्यास झाला, आपल्याला त्रिज्या हवी आहे. नव्याने शिकणाराचे गणित बहुधा येथेच घसरते.

तिसरा प्रश्न : चाक एक फेरा किती काळात पुरा करते? एका शिखरापासून लगतच्या शिखरापर्यंतचे अंतर मोजा. येथे ते ३६५ दिवस आहे. त्याला आवर्तकाल म्हणतात. चाकाचे ३६० अंश ३६५ दिवसांत फिरून होतात, तेव्हा दर दिवसाला एक अंशाहून किंचित कमी.

चौथा प्रश्न : आपण मोजायला सुरुवात केली तेव्हा ठिपका कोठे होता? आपण २१ मार्चपासून दिवस मोजू. त्या दिवशी लाट मध्यरेषेवर आहे आणि वर चढते आहे. ज्याचा आरंभ असाच होतो, शून्यापासून वर. म्हणून २१ मार्चपासून मोजल्यास आरंभीची वेगळी भर घालावी लागत नाही. कोणाला १ जानेवारीपासूनच मोजावयाचे असेल, तर २१ मार्च येईपर्यंतचे ७९ दिवस त्याने आधी वजा करावेत.

चारही उत्तरे एकत्र मांडली की समीकरण असे होते :

दिनमान (मिनिटांत) = ७२७.५ + ७३.५ × ज्या (३६० × न ÷ ३६५)

यात ‘न’ म्हणजे २१ मार्चनंतर लोटलेले दिवस. बावन्न ठिपक्यांचे काम या एका ओळीने केले.

पण ओळ लिहिली म्हणजे ती खरी ठरली असे नाही. आम्ही संघटनेत हिशेब तपासतो तेव्हा ज्या पावत्यांवरून हिशेब मांडला त्याच पुन्हा पाहत नाही, दुसरी पावती काढतो. येथेही तसेच करावे. जून आणि डिसेंबर वापरून समीकरण बांधले, तेव्हा ते जून-डिसेंबरात बरोबर येणारच. परीक्षा दुसऱ्या दिवसांवर घ्या. २१ मार्चनंतर ६० दिवसांनी, म्हणजे २० मे रोजी, चाक ५९ अंश फिरलेले असते. त्याची ज्या ०.८६. तिला ७३.५ ने गुणले की ६३ मिनिटे. मध्यात मिळविली की ७९०.५, म्हणजे १३ तास साडेदहा मिनिटे. प्रत्यक्ष दिनमान सुमारे १३ तास ९ मिनिटे असते. एवढा मेळ पुरेसा आहे.

आता २१ ऑक्टोबर घ्या. २१४ दिवस, २११ अंश, ज्या उणे ०.५१६. समीकरण म्हणते ११ तास साडेएकोणतीस मिनिटे. प्रत्यक्षात दिवस सुमारे ११ तास ३६ मिनिटांचा असतो. सहा-सात मिनिटांची चूक पडली. ही चूक झाकू नये, तिचे कारण शोधावे. पृथ्वी सूर्याभोवती वर्षभर एकाच वेगाने फिरत नाही. जानेवारीच्या आरंभी ती सूर्याला सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिचा वेग सर्वांत जास्त असतो. त्यामुळे मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात आणि तेथून मार्चपर्यंत सुमारे १७९. आपण दोन्ही अर्धी सारखी धरली, म्हणून पुढच्या अर्धात गणित काही दिवस पुढे धावते. समीकरणाने आपल्याला लाट दिली आणि जिथे ते थोडे चुकले तिथे पृथ्वीच्या गतीचे गुपितही दाखविले. दहा मिनिटांच्या आतबाहेर चालणाऱ्या कामाला ही ओळ पुरेशी आहे. ग्रहणाच्या गणिताला पुरणार नाही. साधन कोणत्या कामाला पुरते हे ठाऊक असणे हाही ज्ञानाचाच भाग आहे.

विद्यार्थ्यांना आणखी एका गोष्टीची धास्ती असते. शेजारच्या मुलाचे उत्तर आपल्यापेक्षा निराळे आले की त्यांना वाटते, आपले चुकले. या विषयात तसे समजू नये. कोणी २१ जूनपासून दिवस मोजले, तर त्याचा आरंभ शिखरावर होईल. शिखरापासून सुरू होणाऱ्या मापाला कोज्या म्हणतात. तो लिहील, ७२७.५ अधिक ७३.५ गुणिले कोज्या. तिसरा २३ सप्टेंबरपासून मोजील. त्या दिवशी लाट मध्यावरून खाली उतरत असते, म्हणून तो ७३.५ च्या मागे उणे चिन्ह लिहील. तिघांच्या ओळी निराळ्या दिसतील, पण लाट एकच. एका गावाला तीन वाटांनी जाता येते. वाद घालण्याआधी एवढेच विचारावे की गृहस्था, तू मोजायला कोठून लागलास?

हे गणित परदेशातून आलेले नवे खूळ आहे असे कोणी म्हणू नये. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिला. पंचांग करणारांनी पुढे पिढ्यान् पिढ्या त्याचा आधार घेतला. दिनमानासाठी त्यात दिलेली रीत अशी : विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांच्या काठीची सावली मोजा. तिला पलभा म्हणतात. जाफराबादेस ती सुमारे ४.४ अंगुळे येते. हिला १० ने, ८ ने, आणि १० ने गुणून ३ ने भागून, तीन संख्या काढा. ४४, ३५ आणि १५ पळे अशा त्या येतात. विषुवदिनानंतर सूर्य पहिली रास चालतो तेव्हा अर्धा दिवस ४४ पळांनी वाढतो, दुसऱ्या राशीत ३५ पळांनी आणि तिसरीत अवघ्या १५ पळांनी.

या तीन संख्यांकडे नीट पाहा. चढण आधी भराभर, मग मंद, आणि शेवटी जवळजवळ थांबलेली. आपल्या लाटेची चढती बाजूच तीन पायऱ्यांत कोरून ठेवली आहे. तिन्हींची बेरीज ९४ पळे. एक पळ २४ सेकंदांचे, म्हणजे साधारण साडेसदतीस मिनिटे. ही अर्ध्या दिवसाची वाढ. सकाळची आणि संध्याकाळची मिळून दुप्पट, ७५ मिनिटे. आपला आयाम ७३.५ मिनिटे आला होता. पाचशे वर्षांपूर्वी एका काठीच्या सावलीवरून निघणारे उत्तर आपल्या उत्तराच्या दीड मिनिट जवळ येते. येत्या मार्च महिन्यात येथल्या शाळेच्या मुलांनी अंगणात बारा अंगुळांची काठी रोवून हे स्वतः पडताळून पाहावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

आता समीकरण मिळाल्यावर ते काय काय सांगू लागते ते ऐका. आपल्याकडे म्हणतात की संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो. लाटेकडे पाहा. तळाशी ती जवळजवळ सपाट असते. २१ डिसेंबरपासून १४ जानेवारीपर्यंत चोवीस दिवस लोटले तरी दिवस अवघा सहा मिनिटांनी वाढतो. ही तिळातिळाची वाढ. तोच दिवस मार्चात रोज सव्वा मिनिटाने वाढतो, आठवड्याला नऊ मिनिटांनी. तेव्हा तीळ राहत नाही, त्याचा लाडू होतो. ज्या बाईने ही म्हण प्रथम उच्चारली तिने ज्येचे कोष्टक पाहिले नसेल, पण लाटेचा तळ तिने नेमका ओळखला होता.

आणि आता आपला सालगडी. पाडव्याला लाट मध्याजवळ असते आणि वर निघते. दसऱ्याला ती मध्याच्या आसपास परत येते. म्हणजे त्याने काम केले ते सारे लाटेच्या वरच्या अर्धात. या वरच्या अर्धाची सरासरी उंची शिखराच्या सुमारे ६४ टक्के असते. चौकटीच्या कागदावर रेषेखालचे चौकोन मोजूनही हे काढता येते. ७३.५ चे ६४ टक्के म्हणजे ४७ मिनिटे. याचा अर्थ वरच्या अर्धात दिवस सरासरीने १२ तास ५४ मिनिटांचा आणि खालच्या अर्धात ११ तास २१ मिनिटांचा. रोजची ४७ मिनिटे साडेअठरा आठवडे नव्हे, सबंध सव्वीस आठवडे जास्त. त्यांची बेरीज १४२ तास होते. नऊ तासांचा एक दिवस धरला, तर जवळजवळ सोळा दिवस. अर्ध्या सालाचा मोबदला घेऊन जो गडी दसऱ्याला घरी जातो, तो हे सोळा दिवस बांधावर ठेवून जातो. गुराढोरांचे पहाटेचे चारापाणी मी यात धरलेलेच नाही.

कोणी म्हणेल, सरासरीने दिवस बाराच तासांचा ना? होय, वर्षाची सरासरी मध्यरेषेवरच येते, कारण पुऱ्या लाटेत वरचे आणि खालचे एकमेकांस फेडतात. पण ही फेड पुरी लाट काम करणारालाच मिळते. ज्याने अर्धीच लाट काम केले त्याला सबंध वर्षाची सरासरी सांगणे हा न्याय नव्हे. पेरणी ते सुगी एवढ्याच हंगामात ज्यांना काम मिळते त्या मजुरांनाही हेच लागू आहे. मी कोणा शेतकऱ्यावर आरोप करीत नाही. तोही त्याच उन्हात उभा असतो. हिशेब दोघांनी मिळून एका कागदावर मांडावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा वाद नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी काम सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला थांबे. मुंबईत जूनचा दिवस १३ तास १६ मिनिटांचा आणि डिसेंबरचा १० तास ५९ मिनिटांचा. गिरणीचा दिवसही या लाटेबरोबर फुगत आणि आटत असे. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, कामावर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पगार, या मागण्या होत्या. आणि आणखी एक मागणी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे.

ही मागणी आपल्या लाटेवर ठेवून पाहा, म्हणजे तिच्यातले शहाणपण दिसेल. मुंबईची जुनी स्थानिक वेळ आजच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. त्या वेळेप्रमाणे वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय, जानेवारीतला, साडेसहाच्या सुमारास पडतो. जूनमधला सव्वापाचच्या पुढे थोडा. म्हणजे ‘साडेसहाला सुरुवात’ याचा अर्थ, हिवाळ्यातली सुरुवात बारा महिने ठेवा. दिनमानाच्या लाटेचे दोन भाग असतात, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. मागणीने सकाळचा भाग बांधून टाकला. संध्याकाळचा तेवढा हलता ठेवला. लाटेचा आयाम जवळजवळ निम्मा झाला, आणि जूनमधला सव्वातेरा तासांचा दिवस सव्वाबारा तासांच्या आत आला. आमच्या त्या पूर्वजांनी समीकरण लिहिले नव्हते. पण कोणता आकडा बांधला म्हणजे लाट वाकते, हे त्यांना पक्के कळले होते.

यांतील रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मालकांच्या मंडळाने मान्य केली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्त हा कामाचा शेवट राहिला नाही. रोजचे काम चौदा तासांवर गेले. ज्या सूर्याने उन्हाळ्यात राबविले होते तोच हिवाळ्यात लवकर मावळून सोडवीतही होता. तो सोडविणारा गेला. तेव्हा आकाशातली मर्यादा कागदावर लिहून घेणे भाग पडले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांना रोजचे १२ तास ठरले, १९२२ च्या कायद्याने ११, १९३४ च्या कायद्याने १०, आणि १९४८ च्या कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाचे ९ व आठवड्याचे ४८ तास. आलेखावर हे मांडले तर लाट नाहीशी होऊन सरळ रेषा येते, पायरीपायरीने खाली उतरणारी. तिचा आयाम शून्य आहे, आणि तो शून्य करायला कितीतरी माणसांची आयुष्ये लागली आहेत.

शेवटी तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो, कारण अर्धवट वाचलेला आलेख न वाचलेल्यापेक्षा वाईट.

पहिली गोष्ट. पुरी लाट पाहिल्याशिवाय समीकरण मांडू नये. जानेवारी ते जून एवढाच तुकडा ज्याने पाहिला तो म्हणेल, दिवस वाढतच जाणार. मागे एका जिनिंगच्या मालकाने वाटाघाटीत आमच्यापुढे जानेवारी ते मेपर्यंतच्या गाठींचा आलेख ठेवला. रेषा सारखी उतरत होती, आणि तीवरून तो मजुरी कमी करा म्हणत होता. आम्ही एकच विनंती केली, गेल्या तीन वर्षांचा कागद दाखवा. तो आला तेव्हा कापसाच्या हंगामाबरोबर चढणाऱ्या-उतरणाऱ्या तीन लाटा समोर उभ्या राहिल्या, आणि तिन्हींची शिखरे सारखी होती. मजुरी कमी झाली नाही.

दुसरी गोष्ट. कधीकधी एका लाटेने भागत नाही. मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राच्या भरतीओहोटीची नोंद एकोणिसाव्या शतकापासून होत आली आहे. त्या रेषेत चंद्राची १२ तास २५ मिनिटांची लाट आहे, सूर्याची १२ तासांची आहे, आणि दिवसातून एकदाच येणाऱ्या आणखी आहेत. दोन मुख्य लाटा एकमेकींच्या जोडीला आल्या की अमावास्या-पौर्णिमेची उधाणे येतात; एकमेकींविरुद्ध गेल्या की अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती येते. प्रत्येक लाटेला हेच प्रश्न विचारून त्यांची बेरीज करावी लागते. लॉर्ड केल्व्हिनने १८७२ च्या सुमारास या बेरजेसाठी चाकांचे यंत्र योजले, आणि १८७९ साली हिंदुस्थानातील बंदरांसाठी असेच एक यंत्र लंडनमध्ये तयार झाले. त्यात प्रत्येक लाटेसाठी एक चाक होते. आपले बैलगाडीचे चाक इतक्या दूर जाऊन पोहोचले.

तिसरी गोष्ट. प्रत्येक चढउतार लाट नसते. येथे खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावर पावसाळ्यात पाणी चढते, पण ते ठरलेल्या तारखेला ठरलेल्या उंचीवर येत नाही. कधी एका रात्रीत येते, कधी सबंध पावसाळा वाट पाहायला लावते. त्याला ज्येच्या चौकटीत कोंबू नये. आधी पाहावे की ही रेषा सारख्या अंतराने स्वतःकडे परत येते की नाही. येत असेल तरच चार प्रश्न विचारावेत.

मध्य कोठे, आयाम किती, आवर्तकाल किती, आणि मोजायला सुरुवात कोठून : हे चार प्रश्न लक्षात राहिले तरी आजच्या व्याख्यानाचे काम झाले. दवाखान्यातला कागद असो, वीजवापराचा असो की बाजारभावाचा, तो समोर आला की भिऊ नका. कागद उलटा करून परत देऊ नका. आलेख काढणाराने मध्यरेषा कोठे ओढली आणि मोजायला कोणत्या दिवसापासून सुरुवात केली, एवढे तरी विचारा. या दोन प्रश्नांना जो सरळ उत्तर देतो त्याच्याशी बोलणी करता येतात. जो देत नाही त्याचा कागद घरी आणावा, चौकटीवर नव्याने मांडावा आणि मग बोलावे.

मुलांसाठी एक काम ठेवून मी आपली रजा घेतो. घरातल्या पंचांगातून सूर्यास्ताच्या वेळा दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभराच्या उतरवून घ्या, लाट काढा आणि तिला चार प्रश्न विचारा. तिचे शिखर २१ जूनला येत नाही, थोडे पुढे येते. ते किती पुढे आणि का, याचे उत्तर पुढच्या वसंतात याच व्यासपीठावरून आपल्यापैकी कोणी मुलाने किंवा मुलीने द्यावे. ऐकायला मी खाली सतरंजीवर बसेन.